न उघडलेली कानबाई

प्रमिलाबाईंना जळगावच्या मेहरूणमध्ये सगळे ‘कॉम्प्युटरवाल्या वहिनी’ म्हणायचे. त्यात अर्धं कौतुक असायचं, अर्धा टोमणा. दुपारी बायका गच्चीवर पापड घालायच्या तेव्हा प्रमिलाबाई पदर खोचून, चपला घालून, छत्री घेऊन स्टेशन रस्त्याकडे निघालेल्या दिसायच्या. शेजारच्या इंदिराबाई गच्चीवरूनच हाक मारायच्या, “वहिनी, आज अमेरिकेला काय पाठवताय? आमच्या भरिताची वांगी पाठवा की दोन!”

“पाठवते ना,” प्रमिलाबाई मान वर करून म्हणायच्या, “भाजून द्या तुम्ही. कच्ची जात नाहीत त्यातून.”

त्यांचं माहेर शिंदखेड्याचं. धुळ्याला राहून बी.ए. झाल्या, मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली, आणि नोकरीचा अर्ज भरायच्या आत लग्न होऊन जळगावला आल्या. यजमान बन्सीलाल कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, शांत गृहस्थ. सासूबाईंचं दुखणं आणि मुलांच्या शाळा यांत टंकलेखन मागेच राहिलं. मुलं मोठी झाली आणि अठ्ठ्याण्णव साली बन्सीलालच्या ओळखीतल्या अभिमनने त्यांना बोलावणं धाडलं, तेव्हा त्यांची बोटं पंधराएक वर्षांनी कळफलकावर बसली.

हा अभिमन पाचोऱ्याचा. पुण्याला कॉम्प्युटर शिकला आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी परत आला. स्टेशन रस्त्यावर एका गाळ्यात त्याचा क्लास चालायचा. पण त्याचा जीव होता तो वेबसाइटमध्ये. खान्देशातली माणसं पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला गेलेली. त्यांना गावाकडचं वाचायला मिळावं, गावाकडचे फोटो दिसावेत, म्हणून त्याने ‘गावाकडे’ नावाची साइट सुरू केली होती. त्याच्यासाठी त्याने स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला. एका चौकटीत बातमीचं नाव टाकायचं, दुसरीत मजकूर, तिसरीत फोटो जोडायचा आणि बटण दाबायचं. बातमीचं पान तयार होई, त्या पानाचा पत्ता मशीनच ठरवी, आणि साइटच्या पहिल्या पानावर बातमीचं नाव निळ्या अक्षरांत, खाली रेघ मारून येई. त्या निळ्या नावावर बाण नेऊन दाबलं की आतलं पान उघडे.

“तुम्ही फक्त टाइप करा वहिनी,” अभिमन म्हणाला होता. “पत्त्याची काळजी मशीनला.”

फोनची लाइन जोडून साइट बघायची तर बिल वाढायचं. म्हणून अभिमन आठवड्यातून एकदा लाइन जोडी, तयार पानं वर चढवी आणि लगेच लाइन तोडी. बाकी सगळं बघणं, तपासणं, आल्यागेल्याला दाखवणं हे दुकानातल्या मशीनवरच. तिथे निळ्या नावावर दाबलं की पान असं पटकन उघडायचं की बघणारा चाटच पडायचा.

प्रमिलाबाई या कामाला लागल्या त्याचं खरं कारण त्यांचा धाकटा भाऊ रुपचंद. तो न्यू जर्सीला होता. जाऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि वडील गेले तेव्हा एकदा येऊन गेला तेवढाच. बहिणीला अधूनमधून, मायला मात्र दिवाळीलाच फोन करायचा. शिंदखेड्याला घरी फोन नव्हता. माय शेजारी दिरांकडे, जीवरामनानांकडे, जाऊन बसायची. तास तास वाट बघून फोन आला की दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून नुसती “व्हय... व्हय...” करायची. बोलायचं सगळं फोन ठेवल्यावर आठवायचं. मग ते सगळं प्रमिलाबाईंना ऐकावं लागे.

त्या वर्षी श्रावणात माहेरी कानबाई, खान्देशातली घरोघरची देवी, बसली, तेव्हा प्रमिलाबाईंनी चुलतभावाला कॅमेऱ्यात रोल भरून ठेवायला सांगितला होता. कानबाईच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू त्यांच्या घरी माय काढायची. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. जीवरामनानांची मूठ, त्यांच्या मुलांची, नातवांची. पाळण्यातल्या पोराचीही मूठ निघते. गेलेल्याची निघत नाही. लेकीची तर नाहीच, लेक दुसऱ्या कुळात गेलेली. ते रोट खायचे तेही घरच्या भाऊबंदांनीच, उंबऱ्याबाहेर तुकडा जात नाही. परदेशात असला तरी रुपचंदची मूठ दरवर्षी निघायची आणि त्याच्या वाटणीचा रोट नानांचे नातू खाऊन टाकायचे.

त्या वर्षी मायने एक वेगळंच केलं. रुपचंदच्या नावाचे गहू सुपात न टाकता आधी एका पितळी वाटीत घेतले, वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि पुतण्याला म्हणाली, “आते काढ फोटू.”

फोटो निघाल्यावर प्रमिलाबाईंच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “तो इचारी देख, हाई वाटी कोननी शे. त्याले याद ई.”

फोटो जळगावला दुकानात मशीनवर चढले. ‘शिंदखेड्याच्या ताईबाईंची कानबाई’ असं मायच्या नावाचं शीर्षक प्रमिलाबाईंनी स्वतः दिलं. खाली मजकूरही लिहिला. लिहिताना दोनदा डोळे पुसले आणि अभिमनने विचारलं तर म्हणाल्या, पंख्याची धूळ. बटण दाबलं. पहिल्या पानावर निळं नाव उमटलं. दाबून बघितलं. उघडलं, वाटी धरलेली माय पडदाभर दिसली.

त्यांनी रुपचंदला इ-मेल केली. पुढच्या फोनवर पहिलं तेच विचारलं.

“अरे, बघितलंस का साइटवर?”

“हो अक्का, पाहिलं.”

“फाँट टाकला होतास ना? नाहीतर सगळं चिनीसारखं दिसतं.”

“टाकला ना. छान आहे.”

“आणि...?”

“छान केलंयस तू सगळं,” तो म्हणाला, आणि मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगायला लागला.

प्रमिलाबाईंनी मायला निरोप दिला, त्याने बघितलं, छान म्हणाला. माय म्हणाली, “वाटीनं काय सांगं त्यानी?”

“वाटीचं नाही बोलला काही. फोनवर घाई असते माय.”

“बरं,” माय म्हणाली. एवढंच.

पण त्या ‘बरं’ने पुढे चांगलंच मूळ धरलं. दिवाळीला फोन आला तेव्हा माय ‘व्हय... व्हय’सुद्धा म्हणाली नाही. रिसीव्हर नानांच्या हातात दिला. संक्रांतीला प्रमिलाबाई गेल्या तर माय उन्हात बसून बाजरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी त्याना पुढे हात करी उभी ऱ्हायनू. त्यानी देखं, अन् तोंडमातून सबद नही काढा. भिकारीन दारमा उभी ऱ्हायनी तरी मानूस इचारस, काय जोयजे.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रमिलाबाई माहेरी गेल्या, तेव्हा मायने ठरवूनच टाकलं होतं.

“औंदा मी त्यानी मूठ काढाव नही.”

प्रमिलाबाईंच्या हातातली कैरी तशीच राहिली. “माय! असं बोलू नये. जिता-जागता आहे तो. गेलेल्याची मूठ थांबवतात.”

“मंग मी काय येगळं बोलनू?” माय म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. पाठ करून ती बराच वेळ चुलीत काहीतरी सारत बसली. चुलीत जाळ नव्हता.

जळगावला परत येताना प्रमिलाबाई गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. भावाचा राग करावा तर करवेना. लहानपणी याला कडेवर घेऊन त्यांनी अख्खं शिंदखेडा पालथं घातलं होतं. जेवताना गोष्ट लागायची, गोष्टीतला राक्षस मेला की हा रडायचा, राक्षसाच्या मायला कोण सांगेल म्हणून. तोच पोरगा मायच्या हातातली वाटी बघून ‘छान’ म्हणतो? अमेरिकेत माणसं अशी होत असतील तर मग आपण ही पानं बनवतो ती कुणासाठी?

तरी त्या कामाला जात राहिल्या. श्रावण जवळ आला. रुपचंदला फोन करून सरळ विचारावं का, वाटी दिसली नाही का तुला? पण विचारून आणलेला शब्द मायला कसा द्यायचा? माय ओळखायची असलं.

आषाढ संपता संपता धुळ्याला मावसबहीण सुनंदाबाईच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथे गप्पांत वेबसाइटचा विषय निघाला. सुनंदाबाई म्हणाली, “आमच्या गल्लीत झुलालभाऊने एस.टी.डी.च्या बूथमध्ये इंटरनेट आणलंय. चल, मला दाखव तुझं. नुसतं सांगतेस, दिसत तर काही नाही.”

दोघी भरजरी साड्यांतच गेल्या. झुलालभाऊने लाइन जोडली. साइटचं पहिलं पान हळूहळू, वरून खाली उतरत आलं. निळी नावं दिसली. प्रमिलाबाईंनी ऐटीत बाण नेला तो थेट ताईबाईंच्या कानबाईवर. दाबलं.

काहीच नाही. मग इंग्रजीत एक ओळ, पान सापडत नाही म्हणून.

“फाँट नसेल,” प्रमिलाबाई सवयीने म्हणाल्या.

“फाँट टाकलेला आहे ताई, वरची नावं मराठीत दिसताहेत की,” झुलालभाऊ म्हणाला.

त्यांनी दुसऱ्या नावावर दाबलं. चोपड्याच्या जत्रेवर, रावेरच्या केळीवर. एकही उघडेना. सुनंदाबाई म्हणाली, “असू दे गं, नवीन आहे. आमचा टी.व्ही. आणला तेव्हाही मुंग्याच दिसायच्या.”

प्रमिलाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. नावावर बाण नुसता धरून ठेवला की पडद्याच्या तळाशी त्या नावाचा पत्ता बारीक अक्षरांत येतो. तो त्या वाचत होत्या. पत्त्याची सुरुवात साइटच्या नावाने व्हायला हवी. ती होत होती ‘सी’पासून, मग अभिमनच्या नावाचं फोल्डर, मग त्यांनी स्वतः बनवलेलं कानबाईचं फोल्डर. हा पत्ता जळगावच्या दुकानातल्या मशीनच्या पोटातला होता. दुकानात दाबलं की मशीन आपल्याच पोटात हात घालून पान काढून देणार. धुळ्याच्या मशीनला त्याच्या पोटात ते कुठून सापडणार? आणि न्यू जर्सीच्या?

“झुलालभाऊ,” त्या म्हणाल्या, “म्हणजे हे बाहेर कुणालाच कधी उघडलेलं नाही?”

“असंच दिसतंय ताई.”

सुनंदाबाई घाबरली. प्रमिलाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. “बघितलंच नाही त्याने,” त्या सारख्या म्हणत होत्या. “बघितलंच नाही गं सुनंदा त्याने!”

जेवण तसंच टाकून त्या शिंदखेड्याच्या एस.टी.त बसल्या. माय ओट्यावर होती. प्रमिलाबाईंनी धापा टाकत सगळं सांगितलं, मशीनच्या पोटासकट. मायने ऐकून घेतलं.

“म्हंजे फोटू त्यानापावत गयाच नही?”

“नाही गेला. नुसतं तुझं नाव दिसलं त्याला. दाबत राहिला असेल, पण दार उघडलं नाही.”

“मंग देखं कसाले म्हने तो?”

“लाजला असेल. मी एवढं हौसेने केलेलं, नाही दिसलं कसं म्हणणार?”

“लाजाले मी काय त्यानी सासू शे?” माय म्हणाली. ओठाचा कोपरा हलला, पण तेवढाच. “देखू दे त्याले आधी. मंग देखसू मूठनं.”

कानबाईचा रविवार पुढच्या आठवड्यात होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात अभिमन ऐकायलाच तयार नव्हता. “वहिनी, माझ्याकडे उघडतंय, हे बघा!” त्याने दाबलं. उघडलं.

“तुमच्याकडे उघडणारच हो. तुमच्याच घरात आहे ते. घरातल्या घरात हाक मारली तर ओ मिळते, त्यात काय?”

“दुबईच्या रामदास चौधरींनी लिहिलं होतं खरं, पान सापडत नाही म्हणून...”

“मग? काय केलंत?”

“फाँट टाका म्हणून कळवलं,” अभिमन म्हणाला. गेलं वर्षभर प्रत्येक तक्रारीला दुकानातून हेच उत्तर गेलं होतं. त्यातली कितीतरी उत्तरं प्रमिलाबाईंनीच टाइप केलेली. त्यामुळे आता कुणी कुणाला बोलायचं हा प्रश्नच होता.

अभिमनने प्रोग्रॅम उघडला, दोन कप चहा गार केले आणि शेवटी त्याला सापडलं. सुरुवातीला चाचणीसाठी त्याने पत्त्याच्या पुढे आपल्या मशीनची वाट लिहून ठेवली होती आणि ती काढायचीच राहिली होती. प्रत्येक पानाचा पत्ता तिच्यापासूनच बनत आला. तिथे त्याने साइटचं नाव घातलं. जुनी सगळी पानं पुन्हा बनवायला लावली. प्रमिलाबाई एकेका निळ्या नावावर बाण धरून तळाची ओळ वाचत गेल्या. वाचून झाल्यावर लाइन जोडून सगळं वर चढवलं. मग त्यांनी धुळ्याला फोन लावला.

“झुलालभाऊ, कानबाईवर दाबा बरं.”

“दाबलं.”

“उघडलं?”

“थांबा... उतरतंय... पदर दिसला... हात आले... ताई, वाटी आली! गव्हाची आहे ना?”

“हो,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “माझ्या भावाची आहे.”

रुपचंदला त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. पान नीट झालंय, आता उघडेल. वाटीबद्दल अक्षर लिहिलं नाही. बोटं तिकडे वळली होती, पण आवरली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. फोन वाजला की बन्सीलाल आधी बायकोकडे बघायचे. शनिवारी सकाळी पोळ्या चालू असताना वाजला.

“अक्का...” पलीकडून आवाज आला आणि थांबला.

“बोल रे.”

“उघडलं. मी तेव्हा खोटं बोललो. रोज लावून बघायचो, उघडायचं नाही. वाटलं माझ्याच मशीनला काही झालंय. ऑफिसमध्ये लावलं, लायब्ररीत लावलं. तुला कसं सांगणार? तू इतक्या आनंदात विचारत होतीस.”

“सांगायचं होतंस रे वेड्या. वर्ष गेलं.”

“अक्का, माय एवढी म्हातारी कधी झाली?”

तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला. बन्सीलालनी उठून गॅस बंद केला.

“माझ्या डोळ्यांपुढे मी निघालो तेव्हाचीच होती,” रुपचंद म्हणाला. “काळे केस, नऊवारी, बसला धरून पळत आलेली. हिला मी ओळखलं ते हातांवरून. आणि ती वाटी माझी ना? माझी मूठ ना ती?”

“तुझीच.”

“ती सुपात टाकली ना नंतर? की माझी वेगळीच काढून ठेवली?”

“टाकली. सगळ्यांच्यात टाकली. येशील का रे?”

“यंदा नाही जमत गं अक्का. कागदपत्रं अडकलीत. आता निघालो तर परत आत घेणार नाहीत. जमलं असतं तर...”

“बरं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे ‘बरं’ हुबेहूब मायचं होतं.

दुपारच्या पॅसेंजरने त्या शिंदखेड्याला पोचल्या. अंगण सारवलेलं होतं, नानांच्या घरच्या बायका जात्यापाशी जमल्या होत्या. माय सूप पुढे घेऊन बसली होती. तिने प्रमिलाबाईंकडे बघितलं आणि विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं.

प्रमिलाबाई शेजारी टेकल्या. “बघितलं माय त्याने. वाटी ओळखली. आणि विचारत होता, माय एवढी म्हातारी कधी झाली?”

मायचा हात गव्हात होता, तो तसाच राहिला. मग माय म्हणाली, “कव्हय व्हयनी? सांग त्याले, तू नव्हता तव्हय.”

“येणं नाही जमत म्हणाला यंदा.”

“ते मी वळखं.” मायने पदराने नाक पुसलं आणि सूप जवळ ओढलं. जीवरामनानांचं नाव घेतलं, मूठ टाकली, वर पाव मूठ टाकली. मग त्यांच्या मुलांची. मग नातवांची, अगदी महिन्याच्या पोरापर्यंत. सगळी नावं संपली. मायने हात झटकला, पुन्हा पोत्यात घातला आणि मोठ्याने, गल्लीला ऐकू जावं असं, बापाच्या नावासकट म्हणाली, “रुपचंद झिपरू.” तिची मूठ एवढी भरलेली होती की बोटांच्या फटींतून गहू सांडत होते.

“सव्वा मूठ असते काकू,” नानांची सून हळूच हसून म्हणाली, “ही दीड झाली.”

“दूर शे तो,” माय म्हणाली. “वाटमा सांडीन थोडं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रोट झाले तेव्हा प्रमिलाबाई निघाल्या. रोटांच्या पंगतीत लेकीचं पान नसतं, आणि जळगावला मुलांचे डबे होते. एरवी ही वेळ त्यांना जड जायची. मागून खमंग वास यायचा, आपल्याच घराचा, आणि पाय बाहेर पडायचे. आजही जड गेलीच. माय दारापर्यंत आली. बाहेर पडलेल्या लेकीच्या अंगावरून एकदा नजर फिरवली, मग डोक्यावरचा पदर मागे सारला. केस सगळे पांढरे झाले होते, वर्षभरात उरलेसुरलेही.

“प्रमी,” ती म्हणाली, “कालदिन मना नवा फोटू काढा शे पोऱ्यानी. तो टाकशी का तुना मशीनमा?”

“टाकते की. कशाला पण? आताच तर बघितलाय त्याने.”

“तो मांगला सालना शे,” माय म्हणाली. “आते आखीन म्हातारी व्हयनी मी. देखू दे त्याले.”